भाटघरच्या पाण्यावर तवा, कढई आणि वरचे निखारे

आदला दिवस : रविवार पेठ

कॅनो म्हणजे वल्ह्यांनी चालवायची निमुळती, हलकी होडी. तिच्या सहलीला भांडी घेताना ट्रेकचा हिशेब लावू नये. ट्रेकला प्रत्येक ग्रॅम पाठीवर असतो, कॅनोत तो पाण्यावर असतो. पाच किलोचं बिडाचं भांडंही होडी मुकाट्याने नेते. खांद्यावर ते येतं फक्त गाडीपासून पाण्यापर्यंत आणि एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना. उत्तर अमेरिकेत या वाहून नेण्याला पोर्टेज म्हणतात. मिनेसोटातल्या बाउंडरी वॉटर्स या तळ्यांच्या प्रदेशात ही अंतरं अजून 'रॉड'मध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कॅनोची लांबी. आम्ही जात होतो त्या भोरजवळच्या भाटघर धरणावर तसं पोर्टेज नाही, पण धरणाची कड मोसमागणिक सरकते. पावसाळा संपताना रस्त्याजवळ आलेलं पाणी मे महिन्यात चिखलापलीकडे कुठल्या कुठे गेलेलं असतं. तेव्हा हलकं भांडं हवंच, पण कुठे हलकं आणि कुठे नाही हे ठरवून.

आमचा नियम एवढाच: तळणाच्या भांड्यात जाडीसाठी वजन मोजायचं आणि भाजणाच्या भांड्यात ते सगळं वाचवायचं. तव्याच्या पत्र्याला आच पसरवायची असते, म्हणून तो जाड हवा. केक किंवा तवसाळीचं (काकडी-गुळाच्या कोकणी केकचं) भांडं नुसती गरम हवा कोंडून धरतं, तिथे पातळ पत्रा चालतो. लोक नेमकं उलटं करतात. पातळ, महाग फ्राइंग पॅन आणि जोडीला बिडाचा जड डच ओव्हन, म्हणजे झाकणावरही निखारे ठेवता येतील असं जाड भांडं, घेतात.

पुण्याच्या रविवार पेठेत भांडी बघायला जाताना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक पट्टी पिशवीत टाकावी. पत्र्याची जाडी दुकानात गेजमध्ये सांगतात आणि आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे घोळ घालणारं आहे. १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, १४ गेज दोन, १६ गेज १.६, २० गेज ०.९. वजनाचा अंदाज तिथेच करता येतो. २४ सेंटिमीटर व्यासाच्या सपाट चकतीचं क्षेत्रफळ ४५२ चौरस सेंटिमीटर. त्याला जाडीने आणि घनतेने गुणायचं: लोखंड ७.८५, बीड ७.२, टायटॅनियम ४.५, हिंडालियम (अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू) २.७. म्हणजे १६ गेजचा लोखंडी तवा ५७० ग्रॅमच्या आसपास, १० गेज हिंडालियमचा ४०० आणि चार मिलिमीटर बिडाचा तेराशे. अर्ध्या मिलिमीटरचं टायटॅनियम फक्त शंभर ग्रॅम. हा शंभरचा आकडा मोहात पाडतो. त्याचं काय होतं ते पहिल्या संध्याकाळी दिसलंच.

तवा काउंटरच्या काचेवर पालथा आणि सुलटा, दोन्ही बाजूंनी ठेवून कडेला बोट दाबावं. डुगडुगला तर परत द्यावा. दांडी प्लॅस्टिकची किंवा बेकेलाइटची असेल तर चुलीवर ती जाणार. दांडी काढून टाकावी आणि एकच सांडशी सगळ्या भांड्यांना वापरावी. सांडशीचं तोंड प्रत्येक भांड्याच्या काठावर बसतं का, हे दुकानातच, भांड्यात दीड लिटर पाणी भरून पाहावं. रिकामं भांडं सगळ्याच सांडश्या उचलतात.

तांबट आळीतल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर जीव जडतो, पण निखाऱ्यावर कोरडं भाजायला ती नकोत. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. आमटी-भात करताना पाणी तापमान शंभराच्या वर जाऊ देत नाही, म्हणून कल्हई टिकते. कोरड्या पातेल्याखाली निखारे घातले की तिचे थेंब तळाशी गोळा होतात. नॉनस्टिकचंही तसंच. त्याचा लेप २६० अंशांच्या वर बिघडू लागतो आणि फार तापला तर त्याची वाफ घातक असते. जाड तळाचा नॉनस्टिक तवा घरी धिरड्यांना उत्तम, पण निखाऱ्यांशी त्याचं जमत नाही. शिवाय जलाशयाच्या काठी भांडं घासायला हाताशी येते ती वाळू.

शेवटी पिशवीत पडलं ते असं. १६ गेजचा, किंचित खोलगट, २४ सेंटिमीटरचा लोखंडी तवा, साधारण ६०० ग्रॅम. १० गेजची २० सेंटिमीटर हिंडालियमची कढई, ४३०. २० सेंटिमीटरचं पातळ अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, २२०. त्यात सुटं बसणारा १६ सेंटिमीटरचा केकचा डबा, १००. पातेल्यावर झाकायला काठ असलेलं स्टीलचं ताट, २३०. सांडशी, उलथणं आणि झारा मिळून ३२०. एकूण एक किलो नऊशे. चौघांत वाटलं तर माणशी पावणेपाचशे ग्रॅम. तुलनेसाठी म्हणून टायटॅनियमचं एक पॅनही घेतलं.

पहिला दिवस : कापूरहोळ, भोर, भाटघर

कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, मग कापूरहोळला उजवीकडे. वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण इंग्रजांच्या काळातलं, तेव्हाचं नाव लॉइड डॅम. जलाशयाला आता येसाजी कंकांचं नाव आहे. होडी पाण्यात घालण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी लागते आणि मुक्कामाच्या जागेबद्दल गावात आधी बोलून घ्यावं लागतं. लाइफ जॅकेट अंगात असतं, होडीत ठेवलेलं नसतं.

भांड्यांची पेटी होडीच्या मधोमध, तळाला. तवा आणि कढई मोकळी ठेवू नयेत; होडी कलंडली तर पिशव्या तरंगतात, लोखंड तरंगत नाही. पेटी आडव्या दांडीला दोरीने बांधावी आणि गाठ एका हाताने सुटेल अशी घ्यावी. तव्यावर तेलाचा हात फिरवून तो जुन्या पंचात गुंडाळला की तवा गंजत नाही आणि पातेल्याला ओरखडेही पडत नाहीत.

संध्याकाळी थालीपीठ लावलं. भांड्याची परीक्षा घ्यायला थालीपिठासारखं साधन नाही. एक वाटी भाजणी, पाऊण वाटी पाणी, कांदा, तीळ, मीठ. हे मिश्रण सगळीकडे सारखं थापलं की ते तव्याच्या उष्णतेचा नकाशाच होतं. शेगडी लांबट ब्युटेनच्या डब्यावर चालणारी, चपटी. तिच्या बर्नरचं कडं तीन बोटांचं. टायटॅनियमच्या पॅनवर चार मिनिटांत थालीपिठाच्या मध्यावर बर्नरएवढं काळं वर्तुळ उमटलं, ज्वाळा मोजता याव्यात इतकं स्वच्छ. त्याच्या बाहेर दोन बोटं बदामी पट्टा आणि कडेला कच्ची भाजणी, बोटाला चिकटणारी. लोखंडी तव्यावर मध्य गडद, कड फिकट, पण सगळं भाजलेलं. हिंडालियमच्या कढईत सगळीकडे जवळजवळ एकच रंग.

कारण सरळ आहे. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या तिप्पट-चौपट वेगाने आच पसरवतं आणि स्टीलच्या दहा पटींहून जास्त. टायटॅनियमची गत साधारण स्टीलसारखीच, त्यात पत्रा कागदासारखा. आचेला आडवं पसरायला जागाच मिळत नाही, ती सरळ वर थालीपिठात घुसते. टायटॅनियमचं भांडं पाणी उकळायला घ्यावं. पाणी स्वतः फिरतं, त्याला तव्याची मदत लागत नाही.

यावर लोक शेगडीवर आधी लोखंडी पत्रा टाकून त्यावर पॅन ठेवतात. डबा शेगडीच्या पोटातच बसत असेल तर हे करू नये. पत्र्यावरून उलटलेली आच डब्यावर जाते आणि तापलेला डबा फुटू शकतो. डब्याच्या झाकणावर पसरेल एवढं मोठं भांडंही त्याच कारणाने चालत नाही. २४ सेंटिमीटरचा तवा आमच्या शेगडीवर बरोबर मर्यादेत बसला. याहून मोठा घेऊ नये. वाऱ्याला आडोसा करताना तो तीनच बाजूंनी करावा, डब्याची बाजू उघडी ठेवावी.

दुसरं थालीपीठ तापलेल्या तव्यावर हाताने थापता येत नाही, हे घरी सगळ्यांना माहीत असतं आणि बाहेर सगळे विसरतात. ओल्या फडक्यावर थापायचं, फडकं तव्यावर उलटं करायचं आणि पाण्याचा हबका मारून फडकं सोडवायचं. मग भोकं, भोकांत तेल, वर ताट. ताट जरा कलतं ठेवावं. पूर्ण बसवलं तर आतल्या वाफेचं पाणी थालीपिठावर टपकतं आणि कुरकुरीतपणा जातो.

दुसरा दिवस : थंड डबा, मासा आणि तवसाळी

जानेवारीतल्या पहाटे पाण्यावरून धुकं उठत होतं आणि शेगडीची ज्योत करंगळीएवढी. ब्युटेन शून्याच्या जरा खाली, उणे अर्ध्या अंशाला उकळतं. हवेत आठ-दहा अंश असले तरी वायू बाहेर पडताना डबा आणखी गार होतो आणि आतला दाब पडतो. रात्री डबा झोपायच्या पिशवीजवळ ठेवावा, सकाळी वापरण्याआधी कोमट पाण्यात दोन बोटं बुडवावा. कोमट म्हणजे हाताला सुखाचं. कढत पाणी कधीही नाही, ज्योतीजवळ शेकवणं तर नाहीच.

गावातल्या कोळ्यांकडे सकाळी चिलापी मिळाली. लोखंडी तव्यावर मासा चिकटतो तो बहुतेक वेळा तव्याच्या दोषाने नाही, घाईने. मासा पंचाने कोरडा टिपायचा. ओला असेल तर तवा गार पडतो आणि मासा तव्याला धरतो. हळद, तिखट, मीठ, आगळ लावून वीस मिनिटं, मग रव्यात घोळवायचा. तवा इतका तापवायचा की पाण्याचा थेंब टाकल्यावर गोळी होऊन पळेल. मग तेल, मग मासा, आणि मग हात बांधून बसायचं. साधारण तीन मिनिटांनी खालची बाजू खरपूस झाली की मासा आपोआप सुटतो. उलथण्याला अडला तर अजून झालेला नाही. एक सावधगिरी: आगळ, चिंच, टोमॅटो लोखंडाच्या तव्यावर थांबले की तव्याचं काळं, तेलकट पुट निघतं. खाणं झाल्या झाल्या तवा पुसावा, मिठाने घासावा, तापवून तेलाचा हात फिरवावा. तापलेल्या तव्यावर जलाशयाचं गार पाणी ओतलं की तो वाकतो आणि वाकलेला तवा पुन्हा सपाट होत नाही.

संध्याकाळी भाजणाची पाळी. कॅनोवाल्यांच्या जगात याला डच ओव्हन लागतो, असा समज आहे. आपल्याकडे कोकणात तवसाळी आणि भानोळं पिढ्यान्‌पिढ्या पातेल्यात होत आलं, वर-खाली निखारे घालून. डच ओव्हनचं तत्त्व तेच. बिडाचं वजन ही त्याची एक सोय, अट नव्हे. बीड जाड असल्याने निखारे कमी-जास्त झाले तरी आच सांभाळून घेतं. पातळ पातेलं काहीच सांभाळत नाही, तिथे ते काम हवेच्या थराला करावं लागतं.

पहिली तवसाळी बिघडली. डबा थेट पातेल्याच्या तळाला टेकला होता, खाली लाल निखारे आणि वरच्या ताटात राखेने झाकलेले चार. पंधरा मिनिटांत गूळ तळाशी काळा आणि वरचा थर ओला. दुसरी जमली ती तीन बदलांनी. पातेल्यात सुपारीएवढे तीन कोरडे खडे, त्यांवर डबा. म्हणजे चहूबाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर मोकळी हवा. पातेलं निखाऱ्यांवर नाही, तीन दगडांवर, निखाऱ्यांपासून चार बोटं वर. आणि निखाऱ्यांचे तीन वाटे केले तर दोन वर, एक खाली. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि फुंकलेला निखारा त्या आकड्याच्या पुढे सहज जातो. कोरडं पातळ पातेलं निखाऱ्यांत रोवलं की तळ खाली झुकतो, कधी भोकही पडतं. म्हणूनच वरचं झाकण स्टीलचं.

दगड पाण्याच्या कडेचे घेऊ नयेत. सह्याद्रीच्या काळ्या दगडात बारीक पोकळ्या असतात, पाण्यात राहिलेल्या दगडात पाणी मुरतं आणि आगीत तो फुटून उडतो. चढावरचे, उन्हात वाळलेले, घट्ट दगड घ्यावेत. निखाऱ्याला बाभळीचं वाळकं लाकूड चांगलं. ते मिळालं नाही तर गावातून दहा-बारा गोवऱ्या विकत घ्याव्यात. गोवरीची आच मंद आणि एकसारखी, विदर्भात रोडगे तिच्यावरच होतात.

प्रमाण १६ सेंटिमीटरच्या डब्याला: दीड वाटी काकडीचा कीस त्याच्या पाण्यासकट, तुपावर भाजलेला एक वाटी इडलीरवा, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चिमूट मीठ, वेलदोडे. अर्धा तास भिजवायचं. डब्यात तळाला आणि कडेने हळदीचं किंवा केळीचं पान. गूळ धातूला लागत नाही आणि तवसाळी अख्खी निघते. डबा तीन चतुर्थांशच भरायचा. झाकणाच्या उंचीवर तळहात धरून सहा-सात सेकंद सोसवला तर आच बरोबर. तीनच सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर दोन निखारे काढायचे. वीस मिनिटांनी वरचे निखारे बदलायचे, पंचेचाळीस मिनिटांनी सुरी खुपसून पाहायची. ताट उचलताना सरळ वर उचलायचं. कललं की राख आत. तवसाळी फुगत नसल्याने मध्येच झाकण उघडलेलं चालतं. बेकिंग पावडरचा केक असता तर पहिली पंचवीस मिनिटं झाकणाला हात लावायचा नव्हता, मधोमध बसला असता.

चुलीवर पातेलं चढवण्याआधी बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्यावा. काजळी मातीवर बसते आणि सकाळी हाताने निघते. बिनलेपाचं पातेलं अर्धा तास घासावं लागतं, शिवाय उरलेली काजळी सगळ्या पिशव्यांना लागते ती वेगळीच.

तिसरा दिवस : पुऱ्या आणि उभा तवा

इथून उत्तरेला राजगड. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येणारं कांबरेश्वराचं देऊळ जानेवारीत पाण्याखालीच.

तळणाला कढई का, पातेलं का नाही, याचं उत्तर तेलात आहे. पुरी बुडायला मध्यावर तीन सेंटिमीटर तेल हवं. २० सेंटिमीटरच्या गोल बुडाच्या कढईत एवढ्या उंचीला अडीचशे मिली पुरतं आणि वर चौदा सेंटिमीटरचा पसरट पृष्ठभाग मिळतो. तेवढ्याच रुंदीच्या सपाट पातेल्यात तीन सेंटिमीटरला चारशे साठ मिली लागतं. कढई दोनशे ग्रॅमने जड असली तरी ते सगळं तेलात भरून निघतं, आणि तेलासारखी सांडणारी गोष्ट होडीत जितकी कमी तितकी बरी. पण गोल बुडाची कढई छोट्या शेगडीवर कधीही ठेवू नये. एक धक्का, आणि कढत तेल मांडीवर. तीन दगडांची चूल, कढईचा एक-तृतीयांश भाग दगडांच्या आत बसलेला, हलवून पाहिलेला, मगच तेल. चूल वाऱ्याकडे तोंड करून नको, आणि होडीचं रिकामं बूड आडोशाला चांगलं असलं तरी ती आगीपासून आठ-दहा पावलं लांब.

पुऱ्यांना १७०-१८० अंश लागतात. कणकेची गोळी टाकली की तळाशी क्षणभर थांबून वर यावी. लगेच उसळली तर तेल जास्त तापलंय. घाण्याचं शेंगदाणा तेल आधी धुरकट होतं, रिफाइन्ड उशिरा. तळणाला रिफाइन्ड आणि कच्चं वरून घ्यायला घाण्याचं. उरलेलं तेल गार करून, गाळून बाटलीत परत. जलाशयात थेंबही नाही, ते गावांच्या पिण्याचं पाणी आहे.

दुपारी बॅनक. कॅनडातल्या कॅनो-वाटांवरची ही जाड भाकरी, आपल्या पानग्याची लांबची बहीण म्हणावी अशी. दोन वाट्या कणीक, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल, पाऊण वाटी पाणी. पाणी लागताच बेकिंग पावडरचा वायू सुटू लागतो, म्हणून आधी तवा तयार, मगच पाणी. मळायचं नाही, फक्त गोळा करायचं. मळलं की चिवट. दोन सेंटिमीटर जाड थापून मंद आचेवर सहा-सात मिनिटं, बूड घट्ट होईतो. मग तवा दगडाला टेकवून आगीसमोर जवळजवळ उभा, वीतभर अंतरावर. इथे निखारे नव्हे, ज्वाळा लागतात, कारण वरची बाजू समोरून येणाऱ्या आचेवर भाजायची असते. खोलगट तव्याची कड भाकरी धरून ठेवते. अगदी सपाट तव्यावरून ती घसरून राखेत जाते. बारा मिनिटांत वर बदामी रंग. रिफ्लेक्टर ओव्हन म्हणजे हेच, घडीच्या चकचकीत पत्र्यांत बसवलेलं. तो चांगला चालतो, पण पत्रा काजळला की निकामी आणि ज्वाळेसाठी लाकूड दुप्पट. भाटघरच्या उघड्या काठावर तेवढं वाळकं लाकूड नाही, म्हणून नेला नव्हता.

चौथा दिवस : परत

वारा उठण्याआधी सकाळीच निघावं. चूल पाण्याने विझवून, हात लावून गार झाल्याची खात्री करून, कोळसे गोणीत भरून परत आणले. भांडी पाण्याच्या कडेपासून लांब, घमेल्यात धुतली. साबणाचं पाणी जमिनीत जिरवलं.

पुण्यात काट्यावर पुन्हा एकदा सगळं घातलं. झारा एकदाच वापरला गेला. त्याऐवजी उलथण्याला भोकं पाडून घेतली तरी काम होईल. टायटॅनियमच्या पॅनमध्ये चहाच झाला. तीन रात्रींत ब्युटेनचे दोन डबे संपले आणि तिसरा अर्धा. पातेल्याच्या तळाला पहिल्या तवसाळीच्या वेळचा एक खोलगट डाग राहिलाय, रुपयाएवढा. ते आता शेगडीवर डुगडुगतं, पण तीन दगडांवर बसतं.